अल्लीपूरवरची चक्कर

विमान वळलं आणि अख्खं अल्लीपूर आनंदानं ओरडलं. एकट्या नत्थूनं कपाळाला हात लावला.

शाळेच्या मैदानावर ही गर्दी जमली होती. कापूस वेचायला निघालेल्या बाया वाटेतूनच परत आल्या होत्या. वर आभाळात ते इवलंसं पांढरं विमान, आणि त्यात नत्थूची पोरगी रक्षा, एकटी. शिष्यवृत्ती मिळवून ती नागपूरला विमान चालवायला शिकत होती. आज पहिल्यांदाच सरांना खाली ठेवून ती लांबच्या फेरीवर निघाली होती, आणि परतीची वाट नेमकी गावावरून जात होती.

"पाह्य, मारली का नाई चक्कर?" गावपुढारी अण्णाजींनी नत्थूच्या पाठीत जोरात थाप मारली. "शेवटी पोरगी कोनाची आहे!"

इथंच तर सगळी गोम होती. नत्थूची काळीपिवळी, म्हणजे सवाऱ्यांची जीप, हिंगणघाट ते अल्लीपूर धावायची, आणि नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. कोणी म्हणालं, जरा आमच्या वावरापर्यंत सोड, की निघाली याची गाडी वावराकडे. मागे कोंबलेली बाकीची माणसं मग त्याच्या नावानं बोटं मोडत बसायची. अशी गाडी वळवून घेण्यात अण्णाजींचा हात कोणी धरला नसता. रक्षा गावावरून जाणार हे कळताच त्यांनी फर्मान काढलं, "तिले सांग, गावावरून चक्कर मारजो म्हना. बापाची गाडी वळते, तर पोरीची काऊन नाई वळनार?"

"सांगतो," नत्थू म्हणाला. आणि त्यानं खरंच सांगितलं.

रक्षा फोनवर हसली नाही. "बाबा, थे काळीपिवळी नोहे. नागपूरले मोठमोठे विमानं उतरत राह्यते. कोनं कुठून जायचं, थे खालून टॉवरवाले ठरवून देते. मी माह्या मनानं वळली अन् समोरून मोठं आलं तर? सर मले पुन्हा एकटीनं उडूच देनार नाई. नाव कमी करतीन माहं."

नत्थूला ते शंभर टक्के पटलं. पण फोन ठेवता ठेवता त्याच्या तोंडून निघून गेलंच, "बरोबर आहे बेटा. गावात माही इज्जत जाईन, जाऊ दे."

आता तेच वाक्य त्याला खात होतं. पोरगी बापाच्या इज्जतीसाठी वळली होती. आयुष्यभर लोकांसाठी गाडी वळवली, तेव्हा फार तर डिझेल गेलं. आज पोरीचं सगळं शिक्षण पणाला लागलं होतं.

विमानानं दुसरी चक्कर घेतली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. भागीरथा, त्याची बायको, पदरानं डोळे पुसत हसत होती. "अवो, पाहा न! कशी फिरवून राह्यली!"

"बस झालं माय, जाय आता," नत्थू पुटपुटला. त्यानं दोन्ही हात वर करून जा, जा, असं खुणावलं. लोकांना वाटलं, बाप टाटा करतोय. मग सगळं मैदानच टाटा करू लागलं.

तेवढ्यात बरंच वरून एक मोठं विमान चमकत नागपूरकडे गेलं. त्याच्याकडे पाहायला कोणाला सवड होती! थोड्या वेळानं रक्षाचं विमान सरळ झालं आणि त्याच दिशेनं बारीक होत नाहीसं झालं.

अण्णाजींनी नत्थूच्या गळ्यात हार घातला आणि हातावर पेढा ठेवला. नत्थू आपल्या गाडीला टेकून उभा राहिला. पेढा काही त्याच्या तोंडात जाईना. लोक तिथून हलेनात, आणि याला तर रडूच येऊ लागलं. फोन वाजला तसा त्यानं तो झटकन कानाला लावला.

"उतरली बाबा. एकदम मस्त उतरली!"

"बेटा, कायले वळली तू माह्यासाठी? केलं का नाव कमी?"

"कोन म्हने तुमच्यासाठी वळली?" रक्षा चकित झाली. "मागून मोठं विमान येऊन राह्यलं होतं, माह्याच वाटेवर उतरत. नागपूरच्या टॉवरवाल्यानं रेडिओवर सांगतलं, आहे तिथंच गोल फिरत राह्य, त्याले पुढं जाऊ दे. मी साइड दिली बाबा, बस. सर बी खूश झाले."

साइड म्हणजे काय, हे नत्थूला कोणी शिकवायला नको होतं. तरी त्यानं खात्री करून घेतली. "म्हंजे... गावासाठी नाई फिरली तू?"

"नाई न बाबा. खरं सांगू? मी तं खाली पाह्यलं बी नाई. मोठं कुठं आहे, थेच पाहत होती."

नत्थूनं पेढा तोंडात टाकला. मग वय विसरून तो काळीपिवळीच्या बोनेटवर चढला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला,

"ऐका हो समदे! माही पोरगी आपल्यासाठी नाई फिरली!"