पंप चालू करण्याआधी

“बाहेर टँकर खोळंबलेत,” म्हणत सुपरवायझरनं पंपाच्या बटणाकडे हात नेला. फिटरनं पितळी पाना उचलून जीव खाऊन त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडलं. सुपरवायझरनं शिवी हासडून दुसरा हात पुढे केला, तेव्हा फिटरनं त्याला खाली पाडून त्याच्या छातीवर गुडघा रोवला.

दोघं सख्खे साडू. “घरची भांडणं कामावर काढतोस?” म्हणत चार कामगार फिटरवर तुटून पडले. त्यांनी दोघांनाही पंपघराबाहेर ओढलं आणि फिटरला लाथाबुक्क्यांनी तुडवलं. त्याचे दोन दात पडले.

“पंपाचं सील फुटलंय! आत पेट्रोलची वाफ भरलीय!” तो रक्त थुंकत ओरडत होता.

मग एकाला वास आला आणि सगळ्यांचेच हात थांबले.

संध्याकाळी दवाखान्यात हवालदारानं वही उघडली. “साडूवर गुन्हा नोंदवायचा ना?”

सुपरवायझरनं प्लास्टरमधला हात वहीवर ठेवला.

“माझ्यावर नोंदवा. त्या बटणाच्या पेटीत ठिणगी पडते, असं त्यानं मला परवाच लेखी दिलं होतं. तो कागद मी सगळ्यांसमोर फाडला.”