हवेची नळी

जुन्या डिझेल गाड्यांची दुखणी काढण्यात माझी वीस वर्षं गेली. त्यामुळे एक शिक्षिकाबाई त्यांची जुनी गाडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दादा, घेतल्यापासून ही थरथरते," तेव्हा मी बॉनेट उघडायच्या आधीच सांगून टाकलं, "चारातला एक इंजेक्टर गेलाय."

तो ओळखायची आमची पद्धत साधी. इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरला डिझेल पुरवणाऱ्या पाइपचा नट सैल करायचा. चांगल्याचा सैल केला की इंजिन अडखळतं, गेलेल्याचा केला तर काही फरक पडत नाही.

पहिला सैल केला. फरक नाही. दुसरा, तिसरा, तेच. माझं डोकं फिरलं. चौथाही सोडला. चारही पाइपांतून डिझेल बाहेर गळत होतं आणि इंजिन आपलं मजेत चालू!

"अहो, बंद करा ना!"

"केव्हाच केलीय." बाईंनी हातातली किल्ली दाखवली.

अशा वेळी इंजिन बंद पाडायला त्याची हवा कोंडायची. फिल्टर काढून मी हवेच्या नळीवर तळहात दाबला. हात आत खेचला जायला हवा होता.

तळहाताला ऊब लागली. थांबली. पुन्हा लागली, संथ, ओलसर.

"हात काढू नका, दादा," बाई हळूच म्हणाल्या. "आत्ता कुठे तिची थरथर थांबलीय."