तपासणी खंडेनवमीची

बेल वाजली तेव्हा जयंत वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होता. त्याने खिडकीतून खाली डोकावून पाहिलं. दारात गळ्यात सरकारी ओळखपत्र, हातात फाइल घेतलेल्या बाई उभ्या होत्या. शस्त्रखात्याची अचानक तपासणी!

आणि रिव्हॉल्व्हर खाली पाटावर होतं.

खंडेनवमी होती ना. सुरी, कात्री आणि लॅपटॉपच्या पंक्तीला यंदा पहिल्यांदाच खरं शस्त्र आलं होतं. जयंतने हौसेने त्याला कुंकू लावलं, झेंडू वाहिला. तेवढ्यात मीटिंगची वेळ झाली आणि लॅपटॉप उचलून तो वर पळाला.

छोट्या कॅलिबरचं, दर गोळीला अंगठ्याने घोडा ओढायला लावणारं ते रिव्हॉल्व्हर म्हणजे त्याचा जीव की प्राण. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेन गावाजवळ, जंगलाकडेला क्लबचं उघडं मैदान होतं. रविवारी तिथे पत्र्याच्या चकत्या टणाटण पाडल्या की आठवड्याचा सगळा शीण उतरायचा. त्यासाठी त्याने दीड वर्ष क्लबात हजेरी लावली होती, जर्मनमधून परीक्षा दिली होती. परवाना देताना याच बाईंनी, फ्राऊ ब्रांटनी, बजावलं होतं, "शस्त्र तिजोरीत आणि तिजोरीचा नंबर फक्त तुमच्या डोक्यात. बायकोलाही कळता कामा नये. नाहीतर परवाना रद्द."

बेल पुन्हा वाजली, मग तिसऱ्यांदा. त्याच्या बायकोने, शुभदाने, दार उघडायला बराच वेळ लावला. जयंत धडपडत खाली आला तेव्हा ती नॅपकिनला हात पुसत बाईंना आत घेत होती.

त्याने भीतभीतच पाटाकडे पाहिलं. सुरी होती, कात्री होती. रिव्हॉल्व्हर नव्हतं.

म्हणजे आपणच ठेवलं की! घाईतसुद्धा हातांनी आपलं काम चोख केलं होतं. सवय म्हणतात ती हीच. जयंतला स्वतःचं भारी कौतुक वाटलं.

तळघरात त्याने बाईंकडे पाठ करून नंबर फिरवला. रिव्हॉल्व्हर जागच्या जागी, रिकामं. बाईंनी त्यावरचा क्रमांक कागदाशी ताडून पाहिला आणि आपल्या लाल झालेल्या बोटाकडे बघितलं.

"हे काय?"

"कुंकू. वर्षातून एकदा आम्ही आमच्या हत्यारांची पूजा करतो."

बाई खळखळून हसल्या. "अस्सं! माझे आजोबा सुगीनंतर ट्रॅक्टरला हार घालायचे!"

जयंतच्या छातीवरचा धोंडा उतरला. मग तो रविवारच्या नेमबाजीबद्दल भरभरून बोलत सुटला. बाईंनीही कौतुकाने ऐकून घेतलं, कागदावर सही केली, फाइल मिटली. जिंकलो, त्याला वाटलं.

दारापाशी शुभदा शिऱ्याची बशी घेऊन उभी होती. नुकतीच जर्मनची परीक्षा उत्तम गुणांनी पास झालेली. बोलायला कुणी मिळालं की तिला सोडवत नसे.

"तुमचे यजमान फार शिस्तीचे आहेत हं," बाई शिरा चाखत म्हणाल्या.

"कोण, हा?" शुभदा अस्खलित जर्मनमध्ये म्हणाली. "पाटावरच टाकून गेला होता! बेल ऐकून मीच धावत जाऊन तिजोरीत ठेवलं. नंबर आमच्या लग्नाची तारीख आहे, म्हणून बरं!"