गाडीची थरथर

टॉर्चचा प्रकाश गंजलेल्या बोल्टवर ठरत नव्हता. बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे सरकत होता. टॉर्च ऋजुताच्या वडिलांच्या, अप्पांच्या हातात होता.

"स्टेअरिंग थरथरतं म्हणजे शॉकॲब्सॉर्बरच गेलेत," ते पुन्हा म्हणाले.

ऋजुताने गाडी चालवून पाहिली होती. तिच्या हातात स्टेअरिंग स्थिर होतं. पण नातीला रोज याच गाडीने शाळेत सोडणाऱ्या अप्पांना ते सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. जुना शॉकॲब्सॉर्बर काढून त्यांच्याच हातात द्यायचं तिने ठरवलं.

रात्रभर तेल मुरवूनही बोल्ट हलेना. पाना निसटून बोटं सोलवटली.

"सोड गं, प्राध्यापिकाबाई. हे काय प्रयोगशाळेतलं झाकण आहे?"

"काढल्याशिवाय उठणार नाही."

तिने बोल्ट आधी किंचित आवळला, हातोडीने ठोकला आणि पान्यावर सगळा भार टाकला. कर्रकन तो सुटला.

अप्पांनी काढलेला शॉकॲब्सॉर्बर दाबून पाहिला. तो न अडखळता दबला, सावकाश वर आला. त्यांनी पुन्हा दाबला.

"हा तर ठणठणीत आहे. मग थरथरतंय काय?"

"तुमचे हात, अप्पा. यापुढे गाडी तुम्ही चालवायची नाही."