चढावरचा ट्रेलर

दगडांचा ट्रेलर चढावर ओढणारी, खिशाला परवडणारी जुनी जीप मिळाली नाही, तर मावशींना खाण बंद करावी लागणार होती.

"चारही चाकं ओढतात हिची," विकणारा म्हणाला.

"आधी ओढू दे, मग बढाया मार!"

भाच्याने भरलेला ट्रेलर मागे लावून जीप चढाला घातली. इंजिन कण्हलंसुद्धा नाही.

"मावशी, रिकामीच चालल्यासारखी वाटतेय!"

अर्ध्या चढावर जीप थांबवायला लावून मावशी उतरून मागे गेल्या. जोडणीची खीळ बसवायचीच राहिली होती. जीप आणि ट्रेलर यांच्यात वीतभर मोकळी जागा होती. तरी एवढं ओझं उतारावर निमूट उभं होतं.

झोपलेल्या बाळाशेजारी बोलावं तशा हळू आवाजात त्या म्हणाल्या, "जरा पुढे घे रे."

जीप सरकली. ती वीतभर जागा तशीच राखून ट्रेलरही सरकला.