साबणाचा नियम

"आज तिसरी आंघोळ! टाकी म्हणजे काय विहीर आहे?" बाथरूमच्या दाराबाहेर आमचे हे पुटपुटले.

मी गुपचूप साबण लावला. आमचा मुलगा गमतीचे नियम काढायचा. पाहुणे येणार नसले की पोहे छान जमतात. आणि सगळ्यात पक्का नियम: आईनं साबण लावला की फोन वाजतो.

बापाशी भांडून तो घर सोडून गेला, त्याला चार वर्षं झाली. फोन एकदाही नाही. म्हणून मी साबण लावते, नळ बंद करते आणि कान देऊन उभी राहते. बाहेर हेही माझा मोबाइल हातात धरून थांबतात.

आज त्यांनी दारावर हलकेच टकटक केली.

"धुऊन टाक गं तो फेस. तो नाही करणार फोन. करू नकोस म्हणून मीच बजावलं होतं त्याला."