चौतीस गायी आणि तीन वाजताचं लग्न

रॉय हौतालाने टायची गाठ तिसऱ्यांदा सोडली, तेवढ्यात रस्त्यापलीकडची शेजारीण आयलीन कांगास दार न वाजवताच आत आली. तिच्या बुटांना शेण लागलं होतं. डोळे जागून लाल झाले होते.

"जनरेटर मेला," ती म्हणाली. "काल दुपारीच. चौतीस गायी आहेत रे. रात्रभरात दहाबारांची धार हाताने काढली. आता बोटं वळत नाहीत."

रॉय आरशासमोरच उभा राहिला. बर्फाळ पाऊस होऊन तीन दिवस झाले होते. अख्ख्या भागातल्या विजेच्या तारा जमिनीवर आल्या होत्या. त्याच्या छपरावरच्या सोलर पॅनेलांवर बोटभर जाड बर्फ बसला होता आणि भिंतीवरची बॅटरी पहिल्याच रात्री उतरली होती. अंगणातल्या इलेक्ट्रिक पिकअप ट्रकमधून घरात वीज घेता आली असती, तशी जोडणी केलेली होती. पण ट्रकला त्याने हात लावला नव्हता. तीन दिवस तो दोन स्वेटर चढवून लाकडाच्या शेगडीला चिकटून बसला होता.

मार्क्वेट शहर एकशे दहा मैल लांब. वाटेतली चार्जिंगची ठिकाणं बंद. ट्रकमध्ये जेमतेम तिथपर्यंत पोचण्यापुरती वीज होती. आणि मार्क्वेटला आज दुपारी तीन वाजता त्याच्या एकुलत्या एक मुलीचं, मार्नीचं, लग्न होतं.

रॉयने छत्तीस वर्षं वीज कंपनीत लाइनमनची नोकरी केली होती. वादळ आलं की हा तारा जोडायला घराबाहेर. मार्नीच्या शाळेतलं नाटक झालं तेव्हा तो खांबावर होता. तिची आई गेली तेव्हाही खांबावरच. बापलेकीत त्यानंतर फारसं बोलणं उरलं नाही. महिन्यापूर्वी तिचा फोन आला. "येशील?" एवढंच तिने विचारलं. "वादळ आलं तरी येईन," असा शब्द त्याने दिला होता.

"तुझ्या त्या खेळण्यावर माझी दूध काढायची यंत्रं चालतील का?" आयलीनने विचारलं. दोन वर्षं ती त्या ट्रकला खेळणंच म्हणत आली होती. आज तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"चालतील. पण मग मार्क्वेटला पोचण्याइतकी वीज उरणार नाही."

आयलीनने आत्ता कुठे त्याच्या कोटाकडे नीट पाहिलं. "अरे देवा, आज आहे का ते?" ती मागे सरकली. "जा तू. मी बघते कसंतरी. जा म्हणते ना!"

तिने दार उघडलं तसा रस्त्यापलीकडून गायींचा आवाज आला. भुकेल्या गायी कशा ओरडतात ते रॉयला माहीत होतं. हे ओरडणं तसं नव्हतं. कासा तटतटून गायी कळवळत होत्या.

त्याने मुलीला फोन लावला.

"मार्नी, मी निघालोच होतो. पण आयलीनकडे वीज नाही, गायी तशाच उभ्या आहेत आणि माझा ट्रक..."

"डॅड," ती म्हणाली. "मला माहीतच होतं."

फोन बंद झाला. रॉय किल्ली घेऊन बाहेर पडला.

कोट बदलण्याइतकंही त्याला सुचलं नाही. गोठ्याच्या दाराला ट्रक पाठमोरा लावून त्याने जाड वायर आत ओढली. आयलीनने खटका दाबला. पंप घरघरला, अडखळला आणि चालू झाला. नळीतून पहिलं दूध धावलं तेव्हा आयलीन भिंतीला टेकून रडायला लागली. "रडू नकोस, पुढची आण," रॉय म्हणाला. तो एकामागून एक आचळं पुसत होता, यंत्र लावत होता. एका गायीने त्याच्या नव्या पँटवर शेपटी फटकारली. गोठा हळूहळू शांत होत गेला, पण रॉयच्या छातीतलं मार्नीचं ते एक वाक्य काही शांत होईना.

अकराच्या सुमारास ऊन पडलं. रस्त्यापलीकडे त्याच्या छपरावरून बर्फाची लादी घसरून धाडकन खाली आली.

"ऐकलंस?" आयलीन म्हणाली. "तुझी पॅनेलं मोकळी झाली. बॅटरी भरायला लागेल. उद्या ट्रकही भरेल."

"उद्या," रॉय म्हणाला आणि पुढच्या गायीकडे वळला.

पावणेबाराला गोठ्यासमोर गाडी थांबली. पेट्रोलवरची, जुनी, चिखलाने माखलेली. स्टिअरिंगवर कोल्बी होता, मार्नीचा होणारा नवरा. मार्नी खाली उतरली. थंडीचा जाड कोट, त्याखाली लग्नाचा पांढरा झगा, पायात रबरी बूट. झगा गुडघ्यापर्यंत उचलून ती सरळ गोठ्यात आली.

"किती राहिल्या?" तिने विचारलं.

"आठ," रॉय म्हणाला.

"त्या मी बघते," आयलीन म्हणाली. "ट्रक तेवढा इथेच राहू दे. आणि रॉय, तो खेळणं नाही. मान्य."

कोल्बी घड्याळ दाखवत दारात उभा होता. साडेबाराच्या आत निघालं तर तीनची वेळ गाठता येत होती. मार्नी मात्र हलली नाही. मोकळ्या झालेल्या गायी रवंथ करत होत्या, त्यांच्याकडे ती बघत राहिली. यंत्राचा ठोका ऐकत राहिली.

"अगं, तुझं लग्न आहे आज!" रॉय म्हणाला. "मला न्यायला तू कशाला आलीस? कोल्बी एकटाही आला असता."

मार्नीने त्याच्या बाहीवरचं शेण हाताने पुसलं.

"तू आम्हाला सोडून जायचास ना, डॅड," ती म्हणाली, "ते कुठे जायचास, ते मला एकदा बघायचं होतं."